रतनगड आणि सांदण दरी दोन दिवसांत करावी का?

पुण्यातील एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्र आणि त्यांच्यापैकी एकाचे बासष्ट वर्षांचे वडील असे पाच जण नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी रतनगड चढून, शेजारची सांदण दरी पूर्ण उतरून, करोली घाटाने पुन्हा वर साम्रद गावाला येऊ इच्छितात. कळसूबाई, राजगड आणि पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड हे त्यांचे झालेले आहे. दोर लावून कडा उतरण्याचा अनुभव कोणालाही नाही, परंतु एकाने नुकताच दोर विकत घेतला आहे. दोन दिवस पुरतील का, गावातला वाटाड्या घेतलाच पाहिजे का, आणि वडिलांना कुठपर्यंत नेता येईल, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पंचवीस वर्षे या भागात स्वतः हिंडल्यावर आणि इतरांना हिंडवल्यावर माझे उत्तर असे आहे की, रतनगड अवश्य करावा, सांदणमध्ये पहिल्या मोठ्या कातळटप्प्याच्या माथ्यापर्यंत अवश्य जावे, आणि या खेपेस तिथून मागे फिरावे. पूर्ण दरी उतरण्यासाठी वेगळी तारीख, एक जास्तीचा दिवस आणि दोराचे काम जाणणारी किमान दोन माणसे लागतात. हा निर्णय तुमच्या दमाविषयी शंका घेऊन दिलेला नाही. कळसूबाई चढलेल्या माणसाचे पाय सांदणला पुरतात. अडचण वेगळी आहे आणि ती समजण्यासाठी आधी या मुलखाची रचना डोळ्यांपुढे आणावी लागेल.

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला भंडारदरा धरणाचा जलाशय आहे. प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. जलाशयाच्या वरच्या टोकाशी, एका बाजूला रतनवाडी आणि दुसऱ्या बाजूला घाटघर-साम्रद अशी गावे आहेत. सुमारे १,२९७ मीटर उंचीचा रतनगड या दोन बाजूंच्या मध्ये उभा आहे. रतनवाडीहून त्याच्यावर एक वाट चढते आणि साम्रदकडून दुसरी. साम्रदच्या पलीकडे पठार एकाएकी संपते आणि सह्याद्रीचा तुटलेला कडा कोकणात, शहापूर तालुक्यातील डेहणे गावाच्या दिशेने कोसळतो. सांदण ही या कड्याला पडलेली एक खोल चीर आहे. तिची लांबी साधारण दोन किलोमीटर असून भिंती काही ठिकाणी दोनशे, तर काही ठिकाणी तीन-चारशे फूट उंच आहेत, आणि तळाशी कित्येक जागी दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत नाहीत इतकी ती अरुंद आहे. तळापर्यंत ऊन पोहोचते ते माध्यान्हीच्या सुमारास, आणि तेही थोडा वेळ.

दख्खनचा हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हापासून बनलेला आहे. बेसॉल्टचा प्रत्येक थर सारखा नसतो. काही थर भरीव आणि कठीण असतात, काही सच्छिद्र आणि ठिसूळ असतात, म्हणून आपल्या डोंगरांना कडा, मग उतार, मग पुन्हा कडा अशी पायरीसारखी चढण लाभली आहे. या थरांना छेदून जाणाऱ्या उभ्या भेगाही असतात आणि काही भेगांत नंतर वर आलेला लाव्हा भिंतीसारखा थिजलेला असतो. जिथे अशा रेषेवरचा खडक आजूबाजूच्या खडकापेक्षा लवकर झिजतो तिथे पाणी तीच रेषा पकडून खाली जाते आणि नाळ किंवा घळ तयार होते. रतनगडाच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे कातळातले आरपार भोक, पाहताना आणि दुसऱ्या दिवशी सांदणच्या तळाशी उभे राहून वर पाहताना हे लक्षात ठेवावे. नेढ्यात कातळाची झीज आरपार झालेली आहे, सांदणमध्ये ती उभी खाली गेली आहे. गड आणि दरी एकाच सहलीत पाहण्याचे खरे सुख मला यात वाटते, आणि म्हणूनच मी गड आधी व दरी नंतर असा क्रम सुचवतो. नेढ्यात बसून खालचा साम्रदचा पठारी भाग, भातखाचरे आणि पलीकडे तुटलेली कड्याची ओळ पाहिली म्हणजे उद्या आपण कोणत्या पाण्याच्या वाटेत शिरणार आहोत हे नकाशापेक्षा अधिक स्पष्ट कळते.

पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असे येऊन शुक्रवारी रात्री रतनवाडीत मुक्काम करावा. मध्यरात्री घाटरस्त्याने येऊन पहाटे तसेच चढायला लागणे टाळावे, कारण झोप नसलेल्या माणसाचे पाय पहिल्या दिवशी साथ देतात आणि दुसऱ्या दिवशी दगडावर चुकतात. सकाळी निघण्यापूर्वी अमृतेश्वराच्या मंदिरात अर्धा तास तरी घालवावा. काळ्या पाषाणातील त्याचे कोरीव खांब, छत आणि शेजारची पुष्करणी हे घाईने पाहून पुढे जाण्यासारखे नाही. अंधार पडताना परत येऊन पाहू असे बहुतेक जण म्हणतात, आणि तुमची वाट तर पलीकडे उतरणार असल्यामुळे ते शक्यच होणार नाही.

रतनवाडीहून निघालेली वाट सुरुवातीला ओढ्याच्या काठाने आणि गर्द झाडीतून जाते. वाटेत कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजेच हरिश्चंद्रगडाच्या दिशेने जाणारी वाट फुटते. पावसाळ्यानंतर गवत माजलेले असताना हा फाटा चुकण्याची शक्यता असते. झाडी संपल्यावर कातळ लागतो आणि तिथे लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकच माणूस असावा, तोंड कातळाकडे असावे आणि हातात काठी किंवा फोन नसावा. सुटीच्या दिवशी इथे रांग लागते. वरच्या माणसाच्या पाठीवरून काही निसटले तर खालच्याच्या डोक्यावरच येते, त्यामुळे रांगेत उभे राहताना शिडीच्या थेट खाली थांबू नये. शिड्यांनंतर गणेश दरवाजा आणि हनुमान दरवाजा ओलांडला की तुम्ही गडावर येता. चार-पाच जणांच्या सवडीच्या चालीने याला तीन तास धरावेत.

गडावरच्या गुहा, पाण्याची टाकी, राणीचा हुडा म्हणून ओळखला जाणारा बुरुज, कोकण दरवाजाकडची तटबंदी आणि शेवटी नेढे, असा फेरा दोन तासांत निवांत होतो. प्रवरेचा उगम इथलाच मानतात. आकाश स्वच्छ असेल तर नेढ्यातून अलंग, मदन, कुलंग ही गडांची त्रयी, त्यांच्या पलीकडे १,६४६ मीटरचा कळसूबाई आणि दुसऱ्या अंगाला आजोबा डोंगराचा प्रचंड कडा दिसतो. मात्र नेढ्यातला वारा गंमत म्हणून घेण्यासारखा नाही. उभे राहून छायाचित्र काढण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी नेहमी खाली बसायला सांगतो, आणि ते तुम्हालाही सांगतो.

उतरायचे ते त्र्यंबक दरवाजाने. दरवाजाखाली कातळात कोरलेल्या उंच, अरुंद पायऱ्या आहेत, त्यांतील काही तुटलेल्या आहेत, आणि त्या संपल्यावर खुट्टा नावाचा सुळका बाजूला ठेवून वाट रानात शिरते. ही उतरण चढणीपेक्षा कठीण वाटते, कारण पायऱ्यांवर बारीक माती साचलेली असते आणि पाऊल आडवे ठेवावे लागते. दुपारी तीनच्या आधी त्र्यंबक दरवाजा सोडला तर साम्रदला उजेडी पोहोचता येते. तुमचे वाहन रतनवाडीत राहणार असल्याने ते जलाशयाला वळसा घालून साम्रदला आणण्याची व्यवस्था गावातल्या कोणाशी तरी आदल्या रात्रीच बोलून ठेवावी. अशा साध्या गोष्टीसाठी थकलेल्या संध्याकाळी दोन तास वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आता सांदण. साम्रदहून सकाळी सहाच्या सुमारास निघून सातच्या आत दरीच्या तोंडाशी असावे. मुखापाशी पाण्याचा झरा आहे, तिथे बाटल्या भरून घ्याव्यात. आत शिरताच जमीन नाहीशी होते आणि पायाखाली धोंडेच धोंडे येतात, बैलाएवढे, खोलीएवढे. या धोंड्यांवरून चालण्याची रीत सपाट वाटेवरच्या चालीहून निराळी आहे. पाऊल टाकण्यापूर्वी दगड हलतो का हे पायाच्या दाबाने तपासावे, ओलसर काळा डाग दिसला तर त्याच्यावर शेवाळ आहे असे धरून चालावे, आणि उडी मारण्याचा मोह होईल तिथे बसून घसरत उतरावे. सांदणमध्ये झालेल्या ज्या दुखापती मी जवळून पाहिल्या त्यांपैकी बहुतेक दोरावर झालेल्या नाहीत. त्या धोंड्यांवर, दोन फुटांच्या उडीत, घोटा दोन दगडांच्या मध्ये गेल्याने झाल्या आहेत.

पुढे पाण्याची दोन डबकी लागतात. पहिल्यात पाणी बहुधा गुडघ्याच्या आसपास असते. दुसरे अधिक खोल आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस ते कमरेपर्यंत असू शकते आणि परतीचा पाऊस लांबला असेल तर छातीपर्यंतही, म्हणून आदल्या संध्याकाळी साम्रदमध्ये त्या आठवड्यातली पातळी विचारून घ्यावी. ज्या पाण्याला वर्षभर जेमतेम ऊन लागते ते किती थंड असते याची कल्पना काठावर उभे राहून येत नाही. बूट काढू नयेत, कारण तळाशी धारदार दगड असतात. एक हात भिंतीला लावून, दुसऱ्या हातातील काठीने पुढचा तळ चाचपत, पाय न उचलता सरकवत जावे. फोन, कोरडा शर्ट आणि औषधे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून पाठपिशवीच्या वरच्या भागात ठेवावीत. पलीकडे गेल्यावर ओला शर्ट लगेच बदलावा. दरीत वारा वाहत असतो आणि अंगातली ऊब त्या पहिल्या पंधरा मिनिटांतच निघून जाते.

पाण्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण या दरीचा खरा धनी पाणीच आहे. साम्रदचे पठार हे जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात मोडते. पठारावर मातीचा थर पातळ आहे आणि खाली अखंड कातळ आहे, त्यामुळे पडलेला पाऊस मुरत नाही, तो धावतो. कड्याच्या या भागातले ओहोळ ज्या फटीत उतरतात ती सांदण आहे. आत असलेल्या माणसाला आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. पठारावर ढग दाटले, गडगडाट झाला, अर्ध्या तासाची सर येऊन गेली, तरी भिंतींच्या तळाशी त्याचा पत्ता लागेलच असे नाही. आणि पाणी आले तर बाजूला व्हायला जागा नाही. गडावर पाऊस आला तर माणूस भिजतो, गुहेत बसतो, उशिरा उतरतो. घळीत तोच पाऊस आला तर उरते ती एखादी उंच धोंड आणि तिच्यावर चढायला मिळालेली काही मिनिटे.

म्हणून जून ते सप्टेंबर या काळात दरीत पाऊल ठेवू नये, ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या संध्याकाळच्या सरींमुळे टाळावे, आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाची शक्यता असेल तर दुपारनंतर आत राहू नये. नोव्हेंबर-डिसेंबर सुरक्षित असतात असे आपण सवयीने म्हणतो, परंतु अरबी समुद्रात चक्रीवादळ किंवा कमी दाबाचा पट्टा असेल तर त्या महिन्यांतही पाऊस येतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी चक्रीवादळाच्या वेळी मुंबई आणि कोकणात ऐन थंडीत पाऊस पडला होता हे अनेकांना आठवत असेल. निघण्याच्या तीन दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि केवळ पुण्याचा न पाहता नाशिक, अहिल्यानगर आणि ठाणे या तिन्ही जिल्ह्यांचा पाहावा. तिन्हींपैकी एकातही वादळी पावसाचा इशारा असेल तर दरीचा बेत रद्द करावा. दरीत असताना साठलेले स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागले, त्यावर सुकी पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या, किंवा वरच्या अंगाने न थांबणारा घरघराट ऐकू आला, तर पाहत उभे न राहता मिळेल त्या सर्वांत उंच जागी चढावे. सामान सोडून द्यावे लागले तरी चालेल.

दुसऱ्या डबक्याच्या पलीकडे बरेच धोंडे उतरत गेल्यावर दरी एकाएकी खाली तुटते. हा पहिला मोठा कातळटप्पा सुमारे चाळीस-पंचेचाळीस फुटांचा आहे आणि त्याच्यानंतर आणखी काही लहान टप्पे आहेत. तुमच्या प्रश्नाचे मर्म या जागी आहे. हा टप्पा दोरावरून उतरणे तसे फार अवघड नाही, नवखी माणसे नीट शिकवले तर उतरतात. परंतु तुमच्याकडे एकच दोर असेल तर तो पुढच्या टप्प्यांसाठी बरोबर न्यावा लागतो, म्हणजे शेवटचा माणूस उतरल्यावर तो खाली ओढून घ्यावा लागतो, आणि दोर खाली आला त्या क्षणी आल्या वाटेने परत जाणे संपते. त्यानंतर कोणाचा पाय मुरगळो, कोणाला ताप भरो किंवा अंधार पडो, पुढचे सारे टप्पे उतरून खालीच जावे लागते आणि मग करोली घाट चढून वर, नाहीतर डेहण्याची लांब पायपीट. गडावर असे कुठेच होत नाही. रतनगडाच्या कोणत्याही पायरीवरून तुम्ही मागे वळू शकता.

माझ्याकडून इथे एकदा चूक झाली आहे ती सांगतो. जानेवारी महिना होता, आम्ही अकरा जण होतो, हवा उत्तम होती. पहिला टप्पा दहा वाजताच पार पडला म्हणून सर्वांना हुरूप आला, दोर ओढून घेतला, आणि पाऊण तासाने एका तरुणीचा घोटा दोन धोंड्यांच्या फटीत अडकून पिळवटला. आत फोनला रेंज नव्हती. दोराचे काम जाणणारे आम्ही दोघेच होतो, आणि प्रत्येक टप्प्यावर तिला उतरवण्यासाठी एकाला वर आणि एकाला खाली थांबावे लागत होते, त्यामुळे मदत आणायला पुढे पाठवण्यासारखा अनुभवी माणूस उरला नाही. दिवसा तीन तासांत होणाऱ्या अंतराला आम्हाला रात्रीचे अकरा वाजले. ती मुलगी धीराची होती आणि आम्ही सर्व सुखरूप बाहेर आलो, पण त्या दिवशी दुसरा दोर टप्प्यावर लावून ठेवलेला असता आणि तिसरा जाणकार बरोबर असता तर तिला दुपारी दोनपर्यंत वर गावात नेता आले असते. तेव्हापासून पहिला टप्पा उतरण्यापूर्वी मी गटाला अर्धा तास बसवतो, प्रत्येकाचे पाय, थंडी आणि पाणी विचारतो, घड्याळ पाहतो, आणि कोणा एकाचाही आवाज जड वाटला तर सर्वांना मागे फिरवतो.

विकत घेतलेल्या दोराविषयी स्पष्ट लिहितो. दोर असणे म्हणजे तयारी असणे नव्हे. तो कड्यावरच्या वापरासाठी बनवलेला, दहा-अकरा मिलिमीटर जाडीचा, प्रमाणित दोर आहे की दुकानात मिळणारा साधा नायलॉनचा आहे हे पाहिले पाहिजे. प्रत्येकासाठी हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारे साधन) आणि हेल्मेट हवे. कातळात आधी ठोकलेल्या बोल्टवर डोळे मिटून भार टाकू नये. गंज, हालचाल, भोवतालचा फुटलेला खडक तपासून, किमान दोन स्वतंत्र आधारांवर दोर बांधावा. दोराच्या खालच्या टोकाला गाठ असावी, मोकळे केस आणि लोंबणारे रुमाल आत खोवलेले असावेत, आणि उतरणाऱ्याचा हात सुटला तर त्याला थांबवण्यासाठी खालून दोर धरणारा जागरूक माणूस उभा असावा. हे सारे एखाद्या अनुभवी गिर्यारोहण संस्थेच्या देखरेखीखाली, घराजवळच्या वीस फुटी कातळावर, निदान तीन-चार वेळा करून पाहावे. सांदणचा टप्पा ही शिकण्याची जागा नव्हे, कारण मागे रांग लागलेली असते, ओल्या अंगाने थरथर सुटलेली असते आणि घाई करण्यासाठी प्रत्येकाकडे कारण असते.

पूर्ण दरी आणि करोली घाट मिळून सराव असलेल्या लहान गटालाही नऊ-दहा तास लागतात. पाच जणांच्या नवख्या गटाला बारा तासांहून अधिक धरावेत, आणि सुटीच्या दिवशी टप्प्यांवर दुसऱ्या गटांची वाट पाहण्यात दोन तास सहज जातात. नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि दरीत त्याच्या बराच आधी अंधार होतो. करोली घाट ही साम्रद आणि डेहणे यांना जोडणारी जुनी वाट असली तरी ती राजरस्ता नाही. तळाशी ओढ्यातील दगडांतून, मग घसाऱ्यावरून आणि झाडीतून ती चढते, आणि दिवसभर उतरून गळालेल्या मांड्यांना ही चढण अखेरीस येते. हे करून रविवारी रात्री पुण्यापर्यंत गाडी चालवण्याचा तुमचा बेत मला दरीइतकाच धोक्याचा वाटतो. पुढे कधी पूर्ण दरी कराल तेव्हा तळाशी पाण्याजवळच्या मोकळ्या जागेत रात्र काढून सकाळी ताज्या पायांनी घाट चढावा, आणि त्यासाठी वनखात्याचे त्या वेळचे नियम आधी विचारून घ्यावेत. हा सारा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातला आहे, इथे प्रवेशशुल्क असते आणि काही काळ काही जागा बंदही ठेवल्या जातात.

वाटाड्या घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी आहे, आणि ते केवळ वाट चुकण्याच्या भीतीने नाही. सांदणमध्ये वाट चुकायला जागाच नाही, दोन्ही बाजूंना भिंती आहेत. पण या गावांतल्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांना या आठवड्यात पाणी किती आहे, कोणती धोंड यंदाच्या पुराने सरकली आहे, मोहोळ कोणत्या कपारीत लागले आहे हे ठाऊक असते, आणि ते कोणत्याही नकाशावर मिळत नाही. त्यांनी आज आत जाऊ नका असे म्हटले तर घासाघीस करू नये. मोबदला आधी ठरवावा, तो पूर्ण द्यावा, जेवण त्यांच्याच घरी घ्यावे. नागलीची भाकरी आणि पिठले यांच्यासाठी मी एरवीही साम्रदला गेलो असतो. मात्र एक भेद लक्षात ठेवावा: वाट जाणणारा माणूस आणि दोराचे तंत्र जाणणारा माणूस हे दोन्ही गुण एकाच व्यक्तीत असतीलच असे नाही. दोन्हींची खातरजमा वेगवेगळी करावी.

आग्या मोहोळाचा उल्लेख आला म्हणून दोन शब्द. कड्यांच्या कपारींत आग्या मधमाशांची मोठी पोळी असतात आणि त्यांनी केलेल्या हल्ल्यांत सह्याद्रीत माणसे दगावलेली आहेत. दरीत विडी-सिगारेट, शेकोटी, अत्तर, आरोळ्या आणि शिट्ट्या पूर्ण वर्ज्य कराव्यात. ज्याला मधमाशीच्या दंशाने पूर्वी सूज किंवा धाप लागली असेल त्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज येऊ नये. वानरे भिंतींवरून जाताना लहान दगड सुटतात, म्हणून हेल्मेट केवळ दोरावर असतानाच नव्हे, तर दरीत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत डोक्यावर असावे. बाकी सामान थोडकेच पुरे: चांगल्या पकडीच्या रबरी तळाचे बूट, माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला बांधायची विजेरी आणि तिचे जास्तीचे सेल, क्रेप बँडेज, ऊबदार कपडा, आणि दिवसभर थोडे थोडे खाता येईल असे खाणे.

तुमच्या मित्राच्या वडिलांविषयी. त्यांचे गुडघे चांगले असतील आणि ते नियमित चालत असतील तर रतनवाडीहून शिड्यांमार्गे गड त्यांना जमेल. परंतु त्र्यंबक दरवाजाच्या पायऱ्यांनी त्यांना उतरवू नये. गडाचा माथा पाहून झाला की पाचांपैकी एकाने त्यांच्याबरोबर आल्या वाटेने रतनवाडीला उतरावे आणि तेच दोघे वाहन घेऊन साम्रदला यावेत. त्यामुळे वाहनाचाही प्रश्न सुटतो. उतरताना शिड्यांवर त्यांच्या खालच्या अंगाला तरुणाने राहावे. दुसऱ्या दिवशी ते सांदणच्या मुखापासून पहिल्या डबक्यापर्यंत येऊ शकतात. त्यांना हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर थंड पाण्यात कमरेपर्यंत उतरणे टाळावे. दरीचे खरे रूप पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्येच दिसते, त्यांना काही गमावल्यासारखे वाटणार नाही.

उरलेल्या चौघांनी सकाळी सातला आत शिरून, डबकी ओलांडून, पहिल्या टप्प्याच्या माथ्यापर्यंत जावे. काठापासून दहा फूट मागे बसून न्याहारी करावी, कोकणाच्या दिशेने उघडणारी दरी पाहावी, आणि कुठेही पोहोचलेले असलात तरी साडेअकरा वाजता मागे वळावे. परतीची चढण धोंड्यांवरून असल्यामुळे तिला उतरणीइतकाच किंवा थोडा अधिक वेळ लागतो. तीनपर्यंत साम्रदला जेवण होते आणि उजेडातच घाटरस्ता मागे पडतो. निघताना तुम्ही ज्यांच्या घरी उतरला असाल त्यांना परतण्याची वेळ सांगून ठेवावी आणि पाचपर्यंत न आल्यास काय करायचे तेही ठरवून ठेवावे: गावातली माणसे प्रथम, मग ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि डोंगरातल्या बचावकार्यासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, ज्याचा मदत क्रमांक पुण्यातून निघण्यापूर्वीच शोधून त्या घरी कागदावर लिहून द्यावा. परत आल्यावर त्यांना भेटूनच गाडीत बसावे.